अवघड जागेचे दुखणे आणि मराठीचा संकोच

मूळव्याध या विषयावर मराठीत सातत्याने होणारे लेखन कोणते, असा प्रश्न एखाद्या प्रश्नपत्रिकेत घातला, तर त्याचे प्रामाणिक उत्तर ‘भिंतीवरचे’ असे द्यावे लागेल. आमच्या सोलापुरात एस. टी. स्थानकाच्या आसपास, कुंपणभिंतींवर, गल्लीबोळांतल्या विजेच्या खांबांवर हे वाङ्मय मुबलक आहे. मूळव्याध, भगंदर, फिशर. विनाऑपरेशन, खात्रीशीर इलाज. एवढाच मजकूर आणि खाली दूरध्वनी क्रमांक. शेजारी बहुधा गुप्तरोगाची जाहिरात. रंग उडाला की पुन्हा हात मारला जातो, म्हणजे आवृत्त्याही निघतात. या मजकुराचा वाचक तो थांबून वाचत नाही. चालता चालता डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचतो आणि क्रमांक तेवढा पाठ करतो. छापील मराठी साहित्यात याच विकाराविषयी जी शांतता आहे, तिच्याबद्दल येथे काही लिहायचे आहे.

निमित्त सांगणे भाग आहे. काही आठवड्यांपूर्वी आमच्यावर या विकारासाठी एक किरकोळ उपचार झाला. (‘आम्ही’ या सर्वनामाचा मराठी निबंधाला किती आधार असतो, हे असे वाक्य लिहिताना कळते.) आतली मूळव्याध होती. सुजलेल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीच्या मुळाशी एक इवलेसे रबरी कडे बसवायचे, तिचा रक्तपुरवठा तोडायचा, आणि आठ-दहा दिवसांत ती सुकून आपोआप गळून पडू द्यायची, असा हा उपचार. पूर्ण भूल नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. गुदमार्गाच्या आत एक सीमारेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला टोचल्या-कापल्याची वेदना कळत नाही, खालच्या त्वचेला मात्र ती भरपूर कळते. कडे रेषेच्या वर बसते, म्हणून हे शक्य होते. पहिले दोन दिवस जडपणा आणि सतत शौचास लागल्याची भावना. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसणे. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, आणि काही झाले तरी कुंथायचे नाही. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान गाठ गळताना थोडे रक्त दिसते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे ते दिसले तेव्हा धक्का बसला नाही. शेंगाचटणी काही दिवस बंद झाली आणि कडक भाकरी ताकात कुस्करून खावी लागली, हे सोलापूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको. तिखटाने मूळव्याध होते हा समज तितकासा खरा नाही. बद्धकोष्ठ, कुंथण्याची सवय आणि स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपण ही मोठी कारणे. तिखटाने आग मात्र वाढते.

शरीराचे एवढेच. खरी पंचाईत पुढे झाली आणि ती भाषेची होती.

रजेच्या अर्जात ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ असे लिहिले होते. प्राध्यापक कक्षात कुणी त्याचे हर्निया केले, कुणी अपेंडिक्स. भेटायला आलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘पोटाचं ना?’ असे विचारले, आणि उत्तर येण्याआधीच ‘पोटाचं जपलं पाहिजे’ असे स्वतःच म्हणून विषय ज्वारीच्या भावाकडे नेला. पोट हा मराठी देहाचा शेवटचा सभ्य मुक्काम आहे. त्याच्या खालचे सगळे आजार वर ओढून पोटात आणले जातात आणि मग त्यांची विचारपूस होते.

अंथरुणावर कुशीवर पडून राहायचे असल्याने शब्दांचा हिशेब करायला वेळ होता. ज्या क्रियेभोवती हे सारे दुखणे फिरते, तिला मराठीत किती नावे आहेत पाहा. लहान मुलाला ‘शी’. मोठ्या माणसाला ‘संडास’, जे मुळात जागेचे नाव. गावाकडे ‘परसाकडे’, हीदेखील जागाच. जुन्या पिढीत ‘बहिर्दिशा’, म्हणजे नुसती दिशा. पुस्तकात ‘शौच’, ज्याचा मूळ अर्थ शुद्धी, म्हणजे घडते त्याच्या नेमके उलट. शाळेत ‘दोन नंबर’. दवाखान्यात ‘मोशन’, परिचारिका चार पाहुण्यांसमोर खणखणीत आवाजात ‘मोशन झालं का?’ असे विचारू शकते, ते याच परक्या शब्दाच्या बळावर. जागा, दिशा, शुद्धी, आकडा, इंग्रजी. सगळे शब्द दुसरीकडे बोट दाखवणारे. थेट बोलणारे क्रियापद आहे, पण ते शिवीच्या शेजारी राहते. मूळव्याधीचेही तसेच. सोलापुरातल्या कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर चार भाषा बसलेल्या असतात. मराठीत आणि कन्नडमध्ये शब्द एकच, मूळव्याध आणि मूलव्याधि. तेलुगूत मोललु, उर्दूत बवासीर. खिडकीपाशी नाव नोंदवताना मात्र चारही भाषांतली माणसे आवाज खाली आणून ‘पाइल्स’ म्हणतात.

शेतकऱ्याच्या मराठीने या गाठींना ‘मोड’ आणि ‘कोंब’ म्हटले आहे, हे येथे नोंदवायला हवे. मटकीला येतात ते मोड, हळदीला फुटतो तो कोंब. ही प्रतिमा नेमकी आहे आणि तिच्यात किळसही नाही. सुश्रुतानेही या गाठींना मांसाचे अंकुरच म्हटले आहे. सुश्रुतसंहितेतले अर्शाचे प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा अवश्य वाचावे. औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र हे चार उपाय; गुदाच्या तीन वळ्यांना प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी अशी कामावरून दिलेली नावे; गाईच्या सडाच्या आकाराचे तपासणीचे यंत्र आणि स्त्रीसाठी व पुरुषासाठी त्याची निरनिराळी मापे. आम्हांला सर्वांत थांबवून ठेवणारा तपशील रुग्णाच्या स्थितीचा वाटला. त्याचे कंबरेखालचे अंग उजेडाकडे असावे आणि वरचे अंग दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर टेकलेले असावे, असे तेथे सांगितले आहे. ज्या देहभागाचे नाव घ्यायला आपण कचरतो, त्यावरचा उपचार लिहिताना त्या ग्रंथकाराला रुग्णाचे डोके कुठे असेल याचीही आठवण होती.

मग हा संकोच आला कोठून? त्याचे एक मूळ आपण एम. ए.ला पाठ करतो तेथेच आहे. काव्यदोषांत मम्मटाने अश्लीलतेचे तीन प्रकार मानले : व्रीडा उत्पन्न करणारी, जुगुप्सा उत्पन्न करणारी आणि अमंगल सुचवणारी. लाज, किळस आणि रक्त एकत्र आणणारी मूळव्याध तिन्ही प्रकारांत एकाच वेळी बसते. इतका परिपूर्ण काव्यदोष दुसरा सापडणे कठीण. म्हणजे एकाच संस्कृत परंपरेत कामाची वाटणी झाली होती. वैद्याने सर्व काही लिहावे, कवीने निवडून लिहावे. मराठी समीक्षेने कवीच्या बाजूचा नियम उचलला आणि वैद्याच्या बाजूची भाषा इंग्रजीच्या हवाली करून टाकली. त्यामुळे हा विषय गंभीर मराठीत बोलायला कुणी उरलाच नाही.

मराठीचा उगम मात्र इतका सोवळा नव्हता. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या नित्यक्रमाची नोंद आहे, आणि त्या नित्यक्रमात देहधर्मही आहे. त्यासाठी महानुभाव गद्यात ‘परिश्रय’ हा शब्द येतो. ज्यांना ईश्वर मानले त्यांच्याविषयीही तो लिहिणाऱ्याला सहज लिहिता आला. त्यात थट्टा नाही, लपवाछपवीही नाही. रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचे निरूपण करताना खरूज, पुळ्या, नारू, देवी, गोवर अशी रोगांची लांबलचक यादी दिली आहे. वर्गात तो समास बहुधा ओलांडून पुढे जाण्याची पद्धत आहे. असो.

आधुनिक साहित्यात रोगांना प्रवेश मिळाला, पण दारावर निवड झाली. केशवसुत प्लेगने गेले, गडकरी क्षयाने गेले, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते आणि त्या मृत्यूंना एक प्रकारची आभाही असते. ‘कोसला’तली (१९६३) मनी देवीने जाते आणि त्या पानांवर कुणाचाही आवाज दाटून येतो. सुझन सोंटॅग यांनी आजार आणि रूपक यांच्या नात्यावरील आपल्या १९७८च्या पुस्तकात दाखवले आहे की, क्षयाला जे काव्यात्म स्थान मिळाले त्यात फुप्फुस हा देहाचा वरचा, श्वासाशी आणि आत्म्याशी जोडलेला भाग असण्याचा वाटा आहे. खालच्या अवयवांचे रोग उच्चारायलाच अवघड जातात. देहालाही वर्णव्यवस्था असते, असे आपण आपल्या परीने म्हणू शकतो. अर्थात अधिकार असला की खालचा अवयवही वर चढतो. फ्रान्सचा चौदावा लुई याच्यावर १६८६ साली भगंदराची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दुखणे नसलेल्या दरबाऱ्यांनाही ते आपल्याला असावेसे वाटू लागले, असे सांगतात. सोलापूरच्या चादर कारखान्यातल्या कामगाराला ही सोय नाही.

कोणी म्हणेल, दलित साहित्याने ही कोंडी केव्हाच फोडली. हे बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याचे श्रेय आम्ही कमी करू इच्छित नाही. त्यापूर्वी मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर (१९४७) अश्लीलतेचा खटला झाला होता, ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) तो सगळा सभ्यपणाच निकालात काढला. आमच्याच जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातून आलेल्या शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातून वेचलेल्या दाण्यांची भाकरी आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणीच्या देहाचे जे हाल आहेत, ते वाचून वर्गातल्या मुली मान खाली घालत नाहीत, वर करतात. पण या लेखनातला देह जातीने, भुकेने, प्रसूतीने छळलेला आहे. त्याचे दुखणे समाजाने दिलेले असल्याने त्याला बोलण्याचा नैतिक अधिकार आहे. मूळव्याधीला असा आरोपी मिळत नाही. ती कुणालाही होते, प्राचार्यांना आणि शिपायालाही. तिच्यावर ना विद्रोह उभा राहतो ना शोकात्मिका. म्हणून ती विनोदाच्या वाट्याला जाते.

येथे बाख्तिनचे नाव निघणारच. राबलेवरच्या त्यांच्या ग्रंथामुळे ‘देहाचा खालचा स्तर’ ही संज्ञा आपल्या चर्चासत्रांत रुळली आणि त्या स्तराचे हसणे मुक्तिदायक असते, असे आपण सर्वांनी कधी ना कधी लिहिले. हसण्यात मुक्ती असते हे आम्हांला मान्य आहे. पण ती हसणाऱ्याची मुक्ती असते. जत्रेतल्या सोंगाड्याने कंबरेखालचा विनोद केला की राजा आणि पुरोहित खाली येतात. तोच विनोद बाकावर कडेला टेकून बसलेल्या बाईवर झाला की ती घरी निघून जाते आणि पुढचे सहा महिने डॉक्टरकडे येत नाही. या दोन विनोदांत फरक करण्याची सोय त्या सिद्धान्तात आम्हांला दिसत नाही. कार्निव्हलचा देह खातो, पितो, विसर्जन करतो, प्रसवतो. त्याला बसताना दुखत नाही.

मराठीतले या विषयावरचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य घ्या. अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर. ही म्हण पेचप्रसंगासाठी वापरतात. आघाडी सरकारातल्या घटक पक्षाचे रुसवे असोत की विद्यापीठातल्या नेमणुका, ती कुठेही चालते. वापरून वापरून ती इतकी गुळगुळीत झाली आहे की, तिच्यात एक बाई आहे हेच आपण विसरलो. ती सासू आहे. तिला दुखते आहे, बहुधा कित्येक महिने दुखते आहे. गावात डॉक्टर एकच आणि त्याच्यासमोर ती आजवर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली आहे. पुढे काय झाले? ती त्याच्याकडे गेली का? दुसऱ्या गावी गेली, की भिंतीवरच्या क्रमांकाकडे गेली? की कुणालाच न सांगता तशीच राहिली? म्हण जेथे थांबते तेथे खरे तर कथा सुरू व्हायला हवी होती. आमच्या वाचनात तरी ती कथा आलेली नाही. आपण तिच्या दुखण्यातून एक सुटसुटीत रूपक काढून घेतले आणि तिला तशीच सोडून दिले.

हा केवळ साहित्यिक हळहळीचा विषय असता तर एवढे लिहिले नसते. शौचावाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे असते, फिशरचे असते, आणि क्वचित मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाचेही असते. नुसत्या रंगावरून रुग्णाला ते ओळखता येत नाही. बोटाने आणि गरज पडल्यास दुर्बिणीने तपासावे लागते. जो शब्द उच्चारायची लाज वाटते तोच शब्द मनातल्या मनात मोठा दिलासा बनतो : ‘मूळव्याधच असेल.’ भिंतीवरची जाहिरात तपासणीशिवाय त्याच दिलाशाला दुजोरा देते. कधी काही गंभीर नसतानाही रोज थोडे थोडे रक्त जात राहते आणि बाई पांढरीफटक पडते. विडी कामगार स्त्रिया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास एका जागी बसतात. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा म्हणून उठणे टाळतात, उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पितात. पूर्व भागातल्या किंवा कुंभारीच्या वसाहतीतल्या अशा घरांतून आलेल्या मुली आमच्या वर्गात असतात. ‘आईला अशक्तपणा आहे’ एवढे त्या सांगतात. अशक्तपणा हा शब्दही पोटासारखाच, सर्वांना सामावून घेणारा.

नामदेव ढसाळ १५ जानेवारी २०१४ रोजी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. देहाचा खालचा प्रदेश मराठी कवितेत ज्यांनी आणला, त्यांच्या मृत्यूचे कारण लिहिताना अनेकांनी ‘दीर्घ आजार’ हे दोन शब्द पुरेसे मानले. कवीने भाषा दिली होती. ती त्याच्यासाठीच वापरायला आपले हात धजावले नाहीत.

भाषेची सवय बदलत नाही असे मात्र नाही, आणि याचा पुरावा साहित्याबाहेर आहे. २००० साली महाराष्ट्र शासनाने संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावोगावच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ असे फलक लागले. शासकीय मराठी म्हणजे क्लिष्ट, संस्कृतप्रचुर, असे आपण नेहमी म्हणतो. पण येथे तिने गावाच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उचलला. सुरुवातीला लोक हसले. मग ग्रामसभेच्या ठरावात तो शब्द आला, मंत्र्यांच्या भाषणात आला, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात आला, आणि हसू आपोआप थांबले. गाडगेबाबांनी खराटा आणि कीर्तन यांच्या जोरावर जे केले, ते एका पाटीने थोडेफार पुढे नेले. प्रशासनाला जमले ते समीक्षेला न जमण्याचे आम्हांला तरी कारण दिसत नाही. मूळव्याधीवर खंडकाव्य लिहा, असे आमचे म्हणणे नाही. कथेतल्या पात्राला ती होऊ द्यावी, तिचे नाव घेऊ द्यावे, आणि त्या वाक्याला वाचक हसणार नाही अशा बेताने ते लिहावे. एवढे लेखनकौशल्य मराठीत निश्चित आहे.

कामावर रुजू झाल्यावर पदव्युत्तर वर्गाला एक स्वाध्याय दिला. कोणतीही एक म्हण घ्यायची, रूपक बाजूला ठेवायचे, आणि तिच्यातल्या माणसाची गोष्ट दोन पानांत लिहायची. नाचता येईना, सासू मेली, उंटावरचा शहाणा, असे बरेच काही आले. जावई डॉक्टर दोघांनीच निवडला. त्यांपैकी एक विद्यार्थिनी तेलुगूभाषक घरातली. तिच्या गोष्टीतली सासू विड्या वळते. ती जावयाला काही बोलत नाही. लेकीला कानात ‘मोललु’ एवढाच शब्द सांगते. लेक तो नवऱ्यापर्यंत पोहोचवताना मराठीत ‘आईला पोटाचा त्रास आहे’ असा करते, आणि जावई पोटाच्या गोळ्या लिहून देतो. सासू त्या गोळ्या वेळेवर घेते. गोष्ट तेथेच संपली होती.

वही आम्ही वर्गात वाचून दाखवली. तास संपायला दहा मिनिटे उरली होती, ती प्रश्नांना दिली. पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला : रक्त दिसले तर नेमके कोणत्या डॉक्टरकडे जायचे असते?